पेंढ्याची सजावट करणारा संत

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घराघरांत एकच चर्चा असते. यंदा गोठा कसा करायचा, रोषणाई किती लावायची आणि खर्च किती येणार? शेजाऱ्यापेक्षा आपला गोठा थोडा मोठा असावा असेही मनात येते, आणि डिसेंबरचा पगार तर नेहमीसारखाच असतो. अशा वेळी ज्यांच्यामुळे गोठ्याची प्रथा जगभर पसरली, त्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांचे जीवन आपण आठवू या.

फ्रान्सिस यांचा जन्म इटलीतील असिसी गावी ११८१ च्या सुमारास झाला. वडील कापडाचे मोठे व्यापारी. घरात पैशाला तोटा नव्हता. उंची कपडे, मित्रांच्या मेजवान्या आणि गाणी यांत त्यांचे तारुण्य गेले. १२०२ साली पेरुजा शहराशी झालेल्या लढाईत ते पकडले गेले आणि सुमारे वर्षभर तुरुंगात राहिले. सुटून आल्यावर आजारपण आले. पूर्वीच्या चैनीत त्यांचे मन रमेना. कुष्ठरोग्यांची त्यांना किळस वाटे. पुढे त्यांचीच त्यांनी सेवा केली. १२०६ साली वडिलांनी त्यांना बिशपांसमोर उभे केले, तेव्हा त्यांनी अंगावरचे कपडेही वडिलांना परत दिले आणि गरिबी पत्करली. १२०९ मध्ये पोप इनोसंट तिसरे यांनी त्यांच्या छोट्या बंधुसंघाला तोंडी मान्यता दिली.

१२२३ साली नाताळ जवळ आला, तेव्हा फ्रान्सिस ग्रेच्चो या डोंगरातल्या गावी होते. प्रकृती खालावलेली होती. प्रभू येशू किती गरिबीत जन्मला हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, अशी त्यांची इच्छा होती. नाताळाच्या सुमारे पंधरा दिवस आधी त्यांनी जोव्हान्नी नावाच्या तिथल्या सज्जन गृहस्थाला तयारी करायला सांगितले. तयारी ती काय? एक गव्हाण, थोडा पेंढा, एक बैल आणि एक गाढव. त्या प्रसंगाच्या सर्वांत जुन्या वर्णनात मरिया-योसेफ यांच्या मूर्तींचा उल्लेखही नाही. गावकरी मशाली आणि मेणबत्त्या घेऊन आले. गव्हाणीवरच पवित्र मिस्सा अर्पण झाली. उपयाजक असलेल्या फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले. त्या रात्री सजावट म्हणून विकत आणण्यासारखे फारसे काही नव्हते, तरी लोक आनंदाने भरून घरी परतले.

फ्रान्सिस यांच्या दृष्टीने सण म्हणजे वाटणे. नाताळाच्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैलांना आणि गाढवांनाही नेहमीपेक्षा जास्त चारा मिळावा, असे त्यांना वाटे. ग्रेच्चो येथेच एका सणाला बंधूंनी पांढरे कापड आणि काचेची भांडी मांडून मेज सजवले. ते पाहून फ्रान्सिस भिकाऱ्याच्या वेषात दारी आले, भिक्षा मागितली आणि जमिनीवर बसून जेवले. बंधू वरमले. गरिबाला ज्या मेजाजवळ यायला संकोच वाटतो, ते मेज प्रभूच्या सणाला शोभत नाही, हे त्यांना समजले.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी संध्याकाळी फ्रान्सिस देवाघरी गेले. दोन वर्षांच्या आत, १६ जुलै १२२८ रोजी पोप ग्रेगरी नववे यांनी त्यांना संत घोषित केले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो येथे जाऊन गोठ्याची प्रथा घरोघरी जपावी असे पत्र प्रसिद्ध केले.

मग यंदा आपण काय करू शकतो? पेंढा, माती, पुठ्ठा आणि गेल्या वर्षीच्या मूर्ती गोठ्याला पुरेशा आहेत. डब्याच्या झाकणात गहू पेरला की आठ-दहा दिवसांत हिरवे शेत उगवते, आणि रोज पाणी घालायचे काम मुले हौसेने करतात. चांदणीसाठी बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद चालतो. कर्ज काढून रोषणाई करण्याची गरज नाही. जे पैसे वाचतील त्यांतून आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या आजारी किंवा एकट्या माणसाच्या घरी नाताळाचे जेवण पोहोचवू या. बाळ येशूची गव्हाण तिथेही सजेल.

सर्वांना नाताळाच्या हार्दिक शुभेच्छा!