रेव्हरंड टिळकांची सदाचाराची वाट

मांडवीच्या बंदरावर सायंकाळी फिरावयास जाणाऱ्या रत्नागिरीकराला पोटासाठी कोकण सोडलेल्या माणसांच्या कथा नवीन नाहीत. परंतु याच जिल्ह्याच्या एका पुत्राने आपल्या श्रद्धेसाठी जात, गोत आणि प्रतिष्ठा सोडली, याचे स्मरण क्वचितच होते. दापोली तालुक्यातील करजगावी ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मलेले कवी नारायण वामन टिळक हे ते गृहस्थ होत.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. शत्रूवरही प्रीती करावी, ही शिकवण केवळ वाचून बाजूस ठेवणे त्यांना शक्य नव्हते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्टांची दारे बंद झाली.

खरी कसोटी मात्र घरातच होती. सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेल्या पत्नी लक्ष्मीबाईंना हा आघात असह्य झाला. काही वर्षे दोघे दूर राहिली. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले आचार पाळले आणि टिळकांनी ते पाळू दिले. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने.

टिळक निर्दोष नव्हते. त्यांचा तापट स्वभाव आणि पैशाविषयीची बेफिकिरी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त प्रांजळपणे रेखाटली आहे. पण त्याच घरात निराधार मुलांना आसराही मिळत होता. सदाचार म्हणजे निष्कलंकता नव्हे. आपल्या दोषांसह सत्याकडे चालत राहणे होय, हेच या संसारातून दिसते.

परकीय पेहरावातला ख्रिस्ती धर्म टिळकांना मान्य नव्हता. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतून आणि कीर्तनांतून मराठी माणसापुढे मांडली. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांस आणि न घेतलेल्यांसही तेथे स्थान होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले ते लक्ष्मीबाईंनी. ज्या श्रद्धेपायी संसार मोडू पाहत होता, तिचेच काव्य पत्नीने आपलेसे करावे, याहून मोठे यश ते कोणते?

आज श्रद्धेचा उच्चार मोठ्याने होतो. तिच्यासाठी पदरमोड करण्याची तयारी मात्र दुर्मिळ झाली आहे. वर्गातील शिक्षकाला, कचेरीतील कारकुनाला, महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आपल्याहून निराळ्या विचारांचा माणूस रोज भेटतो. त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरच आपल्या धर्माची पारख व्हावयाची आहे. स्वतःशी कठोर आणि दुसऱ्याशी उदार, ही टिळकांची वाट कोणत्याही धर्माच्या माणसाला आजही मोकळी आहे.