समजून घ्या : बॅटरीतले सिलिकॉन आणि त्यातला ऑक्सिजन मोजणारे बर्झेलियस

कोपर स्थानकात खालच्या फलाटावर लोकलची वाट पाहा किंवा वर दिवा-वसई गाडीची, हातात मोबाइल असतोच. त्याच्या बॅटरीत ॲनोडसाठी सहसा ग्रॅफाइट असते. काही नव्या बॅटऱ्यांत सिलिकॉनही मिसळतात. तेवढ्याच वजनात ते ग्रॅफाइटच्या जवळपास दहापट लिथियम साठवते. पण चार्ज होताना तिप्पट-चौपट फुगते आणि तडकते. सिलिकॉनसोबत ऑक्सिजन असला तर फुगणे कमी होते. मात्र पहिल्याच चार्जिंगला तो काही लिथियम कायमचे अडकवतो. म्हणून ऑक्सिजन नेमका किती, हे मोजावेच लागते.

हे मोजमाप मुळात योन्स याकोब बर्झेलियस यांचे. जन्म १७७९, स्वीडन. वडील लहानपणीच गेले, काही वर्षांनी आईही. नातेवाइकांकडे वाढलेल्या या मुलाने उप्सालात वैद्यकीचे शिक्षण घेतले, पण मन रमले तराजूत. स्टॉकहोममधली त्यांची प्रयोगशाळा स्वयंपाकघराला लागूनच होती. प्रयोगाची भांडी स्वयंपाकीण ॲना धुवायची. अशा जागेत त्यांनी सुमारे दोन हजार संयुगे तपासली. बहुतेक मूलद्रव्ये ऑक्सिजनशी संयोग पावतात, म्हणून ऑक्सिजनचे वजन १०० धरून बाकीच्यांची वजने ठरवली. मूलद्रव्यांची अक्षरी चिन्हेही त्यांचीच देणगी.

१८२४ मध्ये सिलिकॉन आणि फ्लोरिनच्या एका क्षारासोबत पोटॅशियम तापवून त्यांनी सिलिकॉनची तपकिरी भुकटी वेगळी केली. ती जाळली की वजन वाढते. ती वाढ म्हणजे ऑक्सिजन. त्यांच्या हिशेबाने सिलिकामध्ये वजनाने निम्म्याहून थोडा जास्त ऑक्सिजन निघाला. आजचा आकडा ५३ टक्के आहे. स्वयंपाकघराशेजारच्या तराजूसाठी ही कमालच!

गोची झाली ती पुढे. एका सिलिकॉनमागे ऑक्सिजनचे तीन अणू असतात, असे त्यांनी धरले. प्रत्यक्षात असतात दोन. त्यामुळे सिलिकॉनच्या अणूचे वजन दीडपट आले. वजन बरोबर, अणूंची संख्या चुकली.

वयाच्या ५६व्या वर्षी लग्न, त्याच सुमारास राजाकडून बॅरन किताब, आणि १८४८ मध्ये निधन.

आज भुकटी जाळत नाहीत. ग्रॅफाइटच्या मुशीत, हेलियमच्या प्रवाहात ती प्रचंड तापवतात. ऑक्सिजन मुशीतल्या कार्बनशी जुळून कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि इन्फ्रारेड किरणांनी मोजला जातो. सिलिकॉन मोनॉक्साइड शुद्ध असेल तर आकडा ३६ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. बराच जास्त आला, तर भुकटीने हवेतला ऑक्सिजन किंवा ओलावा धरला का, हे आधी तपासावे लागते.