कै. बॅरिस्टर जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा

जळगांवच्या खानदेश मिलचा अथवा धुळ्याच्या न्यू प्रताप मिलचा भोंगा ज्यांच्या वाडवडिलांनीं ऐकला, त्यांस काकांचें चरित्र परकें वाटूं नये. माझगांवच्या कॅथलिक घराण्यांत १८६४ सालीं त्यांचा जन्म झाला. पुण्यास शिक्षण, पुढें केंब्रिज, मग बॅरिस्टरी. लोकमान्य टिळकांचे ते स्नेही व होमरूल चळवळीचे पुढारी होते, हें सर्वश्रुतच आहे.

परंतु त्यांचें खरें मोठेपण मजुरांच्या कामीं दिसलें. मजुरास पोटापुरतें वेतन देणें हा दानधर्म नसून न्याय आहे व संघ स्थापणें हा त्याचा हक्क आहे, असें पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालच्या परिपत्रकांत शिकविलें होतें. आमच्यांतील कित्येक मळेवाल्यांनीं तें देवळांत ऐकलें आणि सालदाराचा हिशेब करतांना विसरले! काकांनीं मात्र तेंच कार्य अंगावर घेतलें. मुंबईचे गिरणी कामगार व टपालवाले यांची बाजू ते निर्भयपणें मांडीत. १९२० सालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस निघाली, तिचे ते उपाध्यक्ष झाले. दुसऱ्याच वर्षीं झरियाच्या कोळसाखाणींच्या मुलुखांत तिचें अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. गिरणींतला बारा तासांचा दिवस अकरावर आला तो १९२२ च्या कायद्यानें. यावरून त्या काळच्या कष्टांची कल्पना यावी. १९२४ सालीं जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेंत ते हिंदी मजुरांचे प्रतिनिधि म्हणून बसले.

१९२५ सालीं मुंबई महापालिकेचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. १९३० सालीं ते निवर्तले. माझगांवच्या टेकडीवरील बागेस त्यांचें नांव आहे.