परमवीरचक्र घडवणारी सावित्रीबाई

जानेवारी उजाडला, की आमच्या साखऱ्याच्या शाळेत झेंडावंदनाची गडबड सुरू होते. दोन वर्षांमागे धाकटीला परमवीरचक्राचं चित्र काढून न्यायचं होतं. मधे राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. वज्र म्हणजे काय गं, असं तिने विचारलं आणि मी अडले. चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंनी मात्र लगेच दधीची ऋषींची गोष्ट सुरू केली. वृत्रासुराला मारायला देवांना शस्त्र हवं होतं. या ऋषींनी आपला देह ठेवला, हाडं देऊन टाकली आणि त्यांचं वज्र झालं. सासूबाईंना अक्षरओळख नाही. हे सगळं कीर्तनात ऐकलेलं.

मग हे पदक कुणी घडवलं, ते मी शोधून वाचलं आणि थक्कच झाले. मैत्रिणींनो, ती एक बाई होती, खानोलकरांची सून. आणि जन्म कुठला, तर स्वित्झर्लंडचा!

२० जुलै १९१३ ला न्यूशाटेल गावी जन्मलेल्या या मुलीचं नाव इव्ह. वडील हंगेरीचे, प्राध्यापक. आई रशियन. विक्रम खानोलकर तेव्हा इंग्लंडमध्ये सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेत होते. सुट्टीत ते स्वित्झर्लंडला गेले आणि दोघांची ओळख झाली. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हतं. पण पोरगी जिद्दीची. ती भारतात आली आणि १९३२ मध्ये लखनौला लग्न झालं. इव्हची सावित्रीबाई झाली.

नुसतं नाव बदललं असं नाही हं. साडी आली, शाकाहार आला. मराठी, हिंदी, संस्कृत त्या शिकल्या. वेद-पुराणं वाचली. महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आपण संत नामदेवांच्या नर्सीपासून हाकेच्या अंतरावर राहतो. परक्या मुलखातून आलेल्या बाईने आपल्या संतांचा एवढा अभ्यास केला, हे वाचून मला माझीच थोडी लाज वाटली.

देश स्वतंत्र झाला. आपल्या शूर जवानांसाठी आपली स्वतःची पदकं हवी होती. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी ते काम सावित्रीबाईंवर सोपवलं. पुराणातला दधीची त्यांना इथेच उपयोगी पडला. दुसऱ्यांसाठी देह देणारा, म्हणजे जवानच की! काशाचं साधंसं पदक, जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचं, जांभळ्या फितीला लावलेलं. सोनं नाही, हिरे नाहीत. २६ जानेवारी १९५० ला परमवीरचक्र सुरू झालं, ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरून. महावीरचक्र, वीरचक्र, अशोकचक्र यांची घडणही त्यांचीच.

आणि दैव बघा. पहिलं परमवीरचक्र मिळालं मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. ३ नोव्हेंबर १९४७ ला काश्मीरमध्ये बडगामला ते लढता लढता गेले. डावा हात प्लास्टरमध्ये, तरी स्वतः फिरून जवानांना काडतुसं भरून देत होते. हे सोमनाथ म्हणजे सावित्रीबाईंच्या लेकीच्या नवऱ्याचे सख्खे भाऊ. जे पदक त्यांनी घडवलं, ते त्यांच्याच नात्यातल्या तरुणासाठी निघालं. काय वाटलं असेल त्या माऊलीला?

१९५२ मध्ये पती गेले. त्यानंतर सावित्रीबाई अध्यात्माकडे वळल्या, रामकृष्ण मठाशी जोडल्या गेल्या. शहीद जवानांच्या कुटुंबांसाठीही त्यांनी काम केलं. २६ नोव्हेंबर १९९० ला त्यांनी जगाचा निरोप घेतला. आजवर २१ वीरांना परमवीरचक्र मिळालं, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर.

मला मात्र राहून राहून सासूबाई आठवतात. त्या जुनं काही सांगायला लागल्या, की मी कितीदा तरी टीव्हीचा आवाज वाढवलाय. आणि देशाच्या सगळ्यात मोठ्या शौर्यपदकावर आहे ती त्यांचीच गोष्ट! परदेशात जन्मलेल्या बाईने ती मन लावून समजून घेतली. माझ्या तर ती घरातच होती.

यंदा झेंडावंदनाला मी सासूबाईंना हाताला धरून नेणार आहे. गावातल्या एका फौजीची म्हातारी आई दरवर्षी मागे, भिंतीला टेकून उभी असते. तिच्यासाठीही पुढे खुर्ची मांडायची. दोघींच्या शेजारी धाकटीला बसवणार आहे. तेवढं तर आपल्या हातात आहे ना?