मालवणचे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. बाहेरगावचे लोक होडीतून किल्ल्यावर जातात, तटावरून फिरतात आणि संध्याकाळी परत जातात. याच मालवण गावात एक मोठा भाषापंडित जन्मला होता, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते. तुमच्यापैकीही पुष्कळांना ते ठाऊक नसेल.

दर वर्षी जून महिन्यात शाळा सुरू झाली की वर्गातला एखादा मुलगा मला विचारतो, की सर, घरी आम्ही कोकणी बोलतो, शाळेत उर्दूतून शिकतो, मग ही मराठी आणखी कशाला? ती आपली थोडीच आहे? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून मी त्याला डॉ. भांडारकरांची हकिकत सांगतो. आज तीच तुम्हांला सांगणार आहे.

रामकृष्णांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. त्या वेळी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८१ साली झाला. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. या घराण्याचे मूळ आडनाव पत्की. पूर्वजांपैकी कोणी सरकारी भांडारात, म्हणजे खजिन्यात कामाला होते, म्हणून भांडारकर हे नाव पडले असे सांगतात. वडील गोपाळराव महसूल खात्यात कारकून होते. कारकून, मामलेदार, अर्ज, दस्तऐवज, हुकूम हे कचेरीतले शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतात ना? हे सगळे फारशी-अरबीतून मराठीत आलेले आहेत. कागद, शाई आणि दौत हे शब्दही तसेच. म्हणजे भांडारकरांच्या घरात भाकरी येत होती ती अशा शब्दांच्या कचेरीतून! पण हे जरा विषयांतर झाले.

वडिलांची बदली झाली तेव्हा रामकृष्ण रत्नागिरीला आले आणि तेथल्या इंग्रजी शाळेत शिकू लागले. पुढे १८५३ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. कारकुनाच्या मुलाने मुंबईला शिकायला जाणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. कोकणात रेल्वे नव्हती. मुंबईचा प्रवास गलबताने किंवा आगबोटीने करावा लागे. कॉलेजात दादाभाई नौरोजी हे त्यांचे एक शिक्षक होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण भांडारकरही होते. पुढच्याच वर्षी ते एम. ए. झाले.

तुम्हांला वाटेल, एवढे मोठे संस्कृत पंडित म्हणजे लहानपणापासून संस्कृतच शिकले असतील. तसे नाही. त्यांना आधी गणिताची गोडी होती. संस्कृताकडे ते कॉलेजात असताना वळले आणि पुण्याच्या शास्त्र्यांजवळ बसून जुन्या पद्धतीने व्याकरण शिकले. एकीकडे इंग्रजी ग्रंथांतली चिकित्सा, दुसरीकडे शास्त्र्यांची घोकंपट्टी. हे दोन्ही ज्याच्याजवळ आहे असा माणूस त्या काळी विरळा होता.

१८६४ साली सिंध प्रांतातल्या हैदराबादच्या हायस्कुलात ते मुख्याध्यापक झाले. हे दक्षिणेतले हैदराबाद नव्हे. हे शहर आज पाकिस्तानात आहे. तेथे त्यांच्या कानांवर रोज सिंधी भाषा पडत होती. पुढच्या वर्षी ते रत्नागिरीच्या हायस्कुलात मुख्याध्यापक म्हणून आले. याच काळात त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी संस्कृतची दोन पुस्तके लिहिली. पहिले १८६४ साली निघाले, दुसरे १८६८ साली. या दोन पुस्तकांवर कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या. मोठा संशोधक शालेय पुस्तक लिहिण्यात कमीपणा मानीत नाही, हे मला शिक्षक म्हणून फार आवडते.

मग ते मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. काही वर्षे त्यांनी प्राध्यापकाचे काम हंगामी म्हणून पाहिले. पण कायमची जागा भरायची वेळ आली तेव्हा ती विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली आणि भांडारकरांना त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून राहावे लागले. भांडारकरांची विद्वत्ता काही कमी नव्हती. कमी होता तो फक्त कातडीचा गोरेपणा. एखादा माणूस कडवट झाला असता. भांडारकरांनी आपले काम चालू ठेवले आणि त्या कामाची कीर्ती समुद्रापार जाऊ लागली.

त्या काळात युरोपातल्या विद्वानांनी एक नवी प्रथा सुरू केली होती. आशिया खंडातल्या भाषा, ग्रंथ आणि इतिहास यांचा अभ्यास करणारे लोक ठरावीक वर्षांनी एका शहरात जमत. पहिली परिषद १८७३ साली पॅरिसला भरली, दुसरी १८७४ साली लंडनला. परिषद म्हणजे हारतुरे आणि भाषणे असे तुम्हांला वाटेल. येथे तसे नसते. तुम्ही मुशायरा पाहिला असेल. शायर शेर वाचतो आणि श्रोते दाद देतात. विद्वानांच्या परिषदेतही एक जण आपला निबंध वाचतो, पण श्रोते दाद देण्याआधी पुरावा मागतात. हा शब्द कोठून आला? ही तारीख कशावरून? असे विचारतात. उत्तर देता आले नाही तर निबंध तेथेच पडतो. जो टिकतो तो पुढे छापला जातो आणि साऱ्या जगाला वाचता येतो.

लंडनच्या परिषदेचे बोलावणे भांडारकरांना आले. ते स्वतः जाऊ शकले नाहीत, पण त्यांनी निबंध पाठवला. तो नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांवर होता. या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजांच्या काळात कोरलेले लेख आहेत. त्यांची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. संस्कृत ही पंडितांची भाषा होती. प्राकृत ही बाजारातल्या, शेतातल्या माणसांच्या बोलण्यातून वर आलेली भाषा. या प्राकृताकडे भांडारकरांचे लक्ष लागले ते कायमचेच.

१८७७ साली त्यांनी मुंबईत भाषाशास्त्रावर सात व्याख्याने दिली. डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाने विद्यापीठाने ही व्याख्यानमाला ठेवली होती. संस्कृतातून पाली, पालीच्या मागून प्राकृत आणि अपभ्रंश, आणि त्यांतून आजच्या भाषा कशा घडल्या, हे त्यांनी या व्याख्यानांत दाखवले. मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी, पंजाबी, बंगाली, उडिया या भाषा त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात हेच काम तुमच्या-माझ्या सर्वांत जवळचे आहे. म्हणून येथे थोडे थांबू या.

पाटी-पेन्सिल घ्या. संस्कृतातला 'सप्त' हा शब्द लिहा. प्राकृतात त्याचा 'सत्त' झाला. बोलताना जिभेला प् आणि त् ही जोडणी जड वाटली, म्हणून दोन्ही अक्षरे सारखी झाली. पंजाबी माणूस आजही 'सत्त' असेच म्हणतो. पुढे मराठीत जोडाक्षरातले एक अक्षर गळाले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा 'स' लांबला. झाले 'सात'. आता उर्दूत काय म्हणता? सातच! 'अष्ट'चा 'अट्ठ' झाला आणि त्याचा 'आठ'. 'कर्ण'चा 'कण्ण', मग 'कान'. 'कर्म'चा 'कम्म', मग 'काम'. 'अद्य'चा 'अज्ज', मग 'आज'. 'दुग्ध'चा 'दुद्ध', मग 'दूध'. यांतला एक तरी शब्द उर्दूत वेगळा आहे का, पाहा. 'हस्त'चा 'हत्थ' झाला; उर्दूने त्यातला ह ठेवून 'हाथ' केले, मराठीने तो टाकून 'हात' केले. सिंधीत हाच शब्द 'हथु' असा आहे, शेवटी बारीकसा उ अजून ऐकू येतो.

सगळे शब्द असे जुळत नाहीत. उर्दूत 'आँख' आहे आणि मराठीत 'डोळा'. पण जेथे जुळतात तेथे ते योगायोगाने जुळत नाहीत, नियमाने जुळतात. एका शब्दाला लागलेला नियम दुसऱ्या शंभर शब्दांना लागतो. भांडारकर शोधत होते ते हे नियम. लेखणी, कागद आणि स्मरणशक्ती एवढेच त्यांच्याजवळ होते. आज संगणकाला भाषा शिकवणारे अभ्यासक आहेत, त्यांच्याही परिषदा भरतात. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये मराठी शब्दांचे जाळे संगणकासाठी तयार केले आहे. 'हाताने', 'हातात', 'हाताला' या सगळ्यांत मूळ शब्द 'हात'च आहे, हे यंत्राला समजावून द्यावे लागते. तुम्हांला ते कोणी न शिकवता कळते.

१८८२ साली भांडारकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. सरकारच्या वतीने त्यांनी जुनी हस्तलिखिते शोधून गोळा केली. १८८४ साली दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहिला. १८८५ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टर पदवी दिली.

पुढच्या वर्षी, म्हणजे १८८६ साली, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे सातवी परिषद भरली. मुंबई सरकारने आपले प्रतिनिधी म्हणून भांडारकरांना पाठवले. ज्या माणसाला मुंबईच्या कॉलेजात कायमची खुर्ची नाकारली होती, तो आता त्याच सरकारच्या नावाने युरोपातल्या पंडितांसमोर उभा होता. मालवणच्या बंदराचा मुलगा बोटीने तेथे गेला, वैष्णव पंथाच्या जुन्या ग्रंथांवर त्याने निबंध वाचला आणि विद्वानांनी तो मान देऊन ऐकला.

याच परिषदेत आणखी एक गोष्ट घडली. जॉर्ज ग्रिअर्सन नावाचे एक अधिकारी तेथे आले होते. हिंदुस्थानातल्या सर्व भाषांची आणि बोलींची सरकारने पाहणी करावी, असा ठराव परिषदेने केला. सरकारने लगेच पैसे दिले नाहीत. काम सुरू व्हायला १८९४ साल उजाडले. पण सुरू झाले ते इतके मोठे झाले, की शेवटचा भाग १९२८ साली बाहेर पडला. एकूण अकरा खंड झाले. १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यांत मोजल्या गेल्या. सातवा खंड मराठीचा आहे. तो १९०५ साली निघाला. त्यात आपल्या भागातली कुडाळी बोली आहे. आणि मुलांनो, त्यात दालदी बोलीही आहे. दालदी म्हणजे या किनाऱ्यावरच्या मुसलमान मच्छीमारांची बोली. तुमच्यापैकी काहींची दादी-नानी जे बोलते, ज्याला वर्गात बोलायला तुम्ही लाजता, तशा बोलीचा नमुना व्याकरणासह त्या खंडात छापलेला आहे. मी हे सांगतो तेव्हा वर्गात नेहमी एकदम शांतता होते.

डॉ. भांडारकर १८९३ साली निवृत्त झाले आणि त्यानंतर दोन वर्षे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. ते नुसते पुस्तकांतले पंडित नव्हते. प्रार्थना समाजाचे ते पुढारी होते. विधवांचा पुनर्विवाह व्हावा असे ते सांगत, आणि १८९१ साली त्यांनी स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. लोकांना सांगणे सोपे असते. आपल्या घरात करणे अवघड.

त्यांच्या ८० व्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात त्यांच्या नावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी या संस्थेला दिला. आतापर्यंत आपल्या देशाच्या भाषांवर चर्चा करायला आपल्या विद्वानांना पॅरिस, लंडन, व्हिएन्ना येथे जावे लागत होते. १९१९ च्या नोव्हेंबर महिन्यात या संस्थेत अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद पहिल्यांदा भरली. अध्यक्षपद ८२ वर्षांच्या भांडारकरांना देण्यात आले. पुढे ही परिषद वेगवेगळ्या शहरांत भरत गेली. तिच्यात संस्कृत-प्राकृताबरोबर अरबी-फारशीच्या अभ्यासकांनाही स्थान मिळाले.

२४ ऑगस्ट १९२५ रोजी पुण्यात डॉ. भांडारकरांचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२८ साली, ही प्राच्यविद्या परिषद लाहोरला भरली. तेथे जमलेल्या भाषा-अभ्यासकांनी भारतीय भाषाशास्त्र परिषद ही वेगळी संस्था काढली. लाहोरात जन्मलेल्या या संस्थेचे कार्यालय पुढे पुण्याला आले, ते डेक्कन कॉलेजात. मालवणचे भांडारकर ज्या डेक्कन कॉलेजात शिकवीत, तेच हे.