रुग्णाशी बोलावे कसे, हे सांगणाऱ्या नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेतलेली परिचारिका डोळ्यांपुढे येते. पण रुग्णाशी बोलणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे, ही त्यांची शिकवण फारशी सांगितली जात नाही.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका सधन इंग्रज घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरच्यांचा कडवा विरोध पत्करून त्या परिचारिका झाल्या. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातील जखमींसाठी ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानात स्कुटारीला पोहोचल्या. तेथे जखमांपेक्षा कॉलरा, हगवण आणि टायफसने अधिक सैनिक दगावत होते. दिवसभराच्या कामानंतर त्या मृत सैनिकांच्या घरी पत्रे लिहीत.

युद्धकाळात जडलेल्या आजाराने पुढे त्या स्वतःच वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळल्या. १८६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात स्वच्छ हवा आणि उजेडाबरोबरच संवादालाही त्यांनी महत्त्व दिले. रुग्णाला मान वळवावी लागणार नाही असे समोर बसून बोलावे, घाईत असल्याचे दाखवू नये, दाराबाहेर कुजबुजू नये, कारण कुजबुज कानी पडली की आपल्याबद्दलच काही लपवले जातेय या विचाराने रुग्ण अस्वस्थ होतो, असे त्यांनी बजावले. लवकर बरे व्हाल, ही वरवरची धीराची भाषाही त्यांना नापसंत होती. त्याने रुग्णाच्या मनातली भीती मनातच राहते.

प्रश्न नेमका हवा, हा त्यांचा आग्रह तर जीव वाचवणारा होता. झोप नीट लागली का, या प्रश्नाला दोन रुग्णांबाबत एकच उत्तर आल्याचे उदाहरण त्या देतात. एकाची झोप रात्री केवळ मधूनमधून मोडली होती. दुसऱ्याचा पाच दिवस-रात्र डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि त्यातच तो दगावला. म्हणून किती तास झोपलात आणि कोणत्या वेळी, असे विचारायला त्यांनी सांगितले.

१८६० मध्येच लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावे परिचारिकांची शाळा सुरू झाली. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. रक्तदाब मोजणारी यंत्रे आता प्रत्येक वॉर्डात आहेत. मात्र दुखणे कुठे, केव्हापासून आणि किती, हे आजही रुग्णाला विचारूनच कळते. त्यासाठी दोन मिनिटे त्याच्यासमोर बसावे लागते.