एका आडनांवाचें क्रियापद

इंग्रजीच्या तासाला 'बॉयकॉट' हा शब्द आला म्हणजे आमचे विद्यार्थी चटकन 'बहिष्कार' असा अर्थ सांगतात. अर्थ बरोबर आहे. परंतु हा शब्द मूळचा एका गृहस्थाचें आडनांव होय, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट यांचा जन्म १८३२ सालीं इंग्लंडांतील नॉरफोक परगण्यांत झाला. तरुणपणीं ते सैन्यांत शिरले, पण थोड्याच वर्षांत बाहेर पडले. कॅप्टनचा हुद्दा त्यांना सैन्यांत मिळालेला नव्हता. पुढें लोकच त्यांना कॅप्टन म्हणूं लागले. आयर्लंडमधील अ‍ॅचिल बेटावर बरींच वर्षें शेती केल्यावर ते मेयो परगण्यांत लॉर्ड अर्न या जमीनदाराचे कारभारी झाले. कुळांकडून खंड वसूल करणें हें त्यांचें काम, व त्यांत ते मोठे कडक होते.

पिकें बुडाल्यामुळें १८८० सालीं कुळांनीं खंडांत शेंकडा २५ सूट मागितली. धनी शेंकडा १० च्या पुढें जाईना. उलट बॉयकॉट यांनीं ११ कुळांना जमिनीवरून काढण्याची तजवीज चालविली. त्याच सप्टेंबरांत आयरिश पुढारी पार्नेल यांनीं एनिस येथील सभेंत असा उपदेश केला होता कीं, काढलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशीं सर्व व्यवहार तोडावा. लोकांनीं हाच उपाय कारभाऱ्यावर योजिला. गडी गेले, धोबीण येईना, लोहार घोड्यास नाल मारीना, दुकानदार जिन्नस देईना. उभें पीक शेतांत राहिलें. तें काढण्यास उत्तरेकडून ५० मजूर आले व त्यांच्या रक्षणार्थ मोठी फौज ठेवावी लागली. सुमारें ५०० पौंडांच्या पिकापायीं १०,००० पौंड खर्च झाला असें म्हणतात! १ डिसेंबर १८८० रोजीं बॉयकॉट यांनीं आयर्लंड सोडलें.

या प्रकाराला नांव काय द्यावें? ग्रीक भाषेंतून आलेला 'ऑस्ट्रसाइझ' हा शब्द शेतकऱ्यांना कळावयाचा नाहीं, म्हणून तेथील धर्मगुरु फादर ओमॅली यांनीं कारभाऱ्याचें नांवच सुचविलें. तें वृत्तपत्रांनीं उचललें व लवकरच फ्रेंच, जर्मन, रशियन इत्यादि भाषांतही गेलें. इंग्रजींत तें नामही आहे व क्रियापदही, आणि आतां लहान अक्षरानें लिहितात. आपल्याकडे १९०५ सालच्या स्वदेशी चळवळींत हा शब्द सर्वतोमुखीं झाला. त्या वर्षीं पुण्यांत विलायती कापडाची होळी झाली.

'वाळींत टाकणें' ही रीत आपणांस नवी नव्हती. परंतु पुनर्विवाह करणाऱ्या विधवेस समाज वाळींत टाकी, तेव्हां बळवंतांचा प्रहार दुर्बळावर होई. मेयोंत दुर्बळांनीं तेंच शस्त्र बळवंतावर उचललें. शस्त्र एकच. म्हणून तें उचलण्यापूर्वीं तें कोणावर व कशासाठीं, हें पाहावें.

बॉयकॉट पुढें इंग्लंडांत सफोक येथें कारभारी झाले व १८९७ सालीं वारले. शब्दकोशांत स्थान मिळावें अशी इच्छा त्यांनीं केली नसेल. परंतु आपल्या नांवाचा अर्थ शेवटीं शेजारीच ठरवितात, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.